पदवी आणि यंत्र यांच्या मधली वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत दरवर्षी विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे इतके पदवीधर बाहेर पडतात, तरी स्वतःचं म्हणावं असं तंत्रज्ञान मोजक्याच देशांत का उभं राहिलं? दोष शिकवण्याचा, पैशाचा, की लोकांच्या वृत्तीचा?

वृत्तीचा मुद्दा आधी निकालात काढतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जपानमध्ये आलेले परदेशी पाहुणे लिहून ठेवत होते की इथला कामगार आळशी आहे, त्याला वेळेची किंमत नाही. कोरियन माणसाबद्दल तर याहून वाईट लिहिलं गेलं. आज तेच दोन देश शिस्तीचे दाखले म्हणून सांगितले जातात. मधल्या काळात लोकांचं रक्त बदललं नाही, त्यांच्या हातातलं काम बदललं. तेव्हा ‘आपल्या लोकांची मानसिकताच नाही’ हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकून घेतो, चर्चेत नाही.

मी २१ वर्षं दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं बनवली आणि नंतर १२ वर्षं तेच शिकवलं. एखादी गोष्ट प्रयोगशाळेत पहिल्यांदा चालते त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकाकडे भरवशाने चालू लागेपर्यंत पाच ते पंधरा वर्षांचा एक रटाळ पट्टा असतो. त्यावर शोधनिबंध निघत नाहीत आणि फीत कापायलाही कोणी येत नाही. तिथे राबतात ते फिटर, टर्नर, प्रयोगशाळा सहायक, शिव्या खाणारा सर्व्हिस इंजिनिअर, आणि अर्धाकच्चा माल विकत घेऊन नावं ठेवणारं गिऱ्हाईक. माझ्या अनुभवात विज्ञानशिक्षणाचं तंत्रज्ञान होतं की नाही, ते या पट्ट्यात ठरतं. वर्गात अर्धंच ठरतं. म्हणून माझा आग्रह असा, की ही मधली वर्षं पोसायला हवीत.

जपानपासून सुरुवात करतो. १८६८ नंतर मेजी सरकारने परदेशी तज्ज्ञ भल्यामोठ्या पगारावर आणले, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांना बसवलं कुठे, ते पाहण्यासारखं आहे. १८७३ मध्ये हेन्री डायर नावाचा स्कॉटिश अभियंता टोकियोत उतरला, वयाची पंचविशीही पूर्ण न झालेला. त्याने उभ्या केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव कोबु दाइगाक्को. हे महाविद्यालय शिक्षण खात्याचं नव्हतं. रेल्वे, तारयंत्र, खाणी आणि दीपगृहं ज्या खात्याला चालवायची होती, त्याच खात्याने ते काढलं. अभ्यासक्रम सहा वर्षांचा, त्यातली शेवटची दोन वर्षं संपूर्ण प्रत्यक्ष कामावर. त्या काळी ब्रिटनमध्ये अभियंता घडायचा तो उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून, आणि फ्रान्स-जर्मनीत घडायचा तो वर्गात बसून. डायरने दोन्हींची सांगड घातली. स्वतःच्या देशात हे त्याला करता आलं नसतं, कारण तिथे जुनी घडी मोडायला कोणी तयार नव्हतं. पुढे मायदेशी परतल्यावर तो तिथल्या लोकांना जपानचा कित्ता गिरवायला सांगत राहिला, हा त्यातला गमतीचा भाग.

२५ मार्च १८७८ ला या महाविद्यालयाच्या सभागृहात विल्यम आयर्टन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली आर्क लॅम्प पेटला. जपानमध्ये आजही ती तारीख विजेचा दिवस म्हणून पाळतात. आयर्टनचा एक विद्यार्थी, फुजिओका इचिसुके, याने १८९० मध्ये भागीदारीत दिव्यांचा कारखाना काढला. तोशिबा कंपनीच्या मुळांपैकी ते एक मूळ. वर्गातल्या दिव्यापासून कारखान्यातल्या दिव्यापर्यंत बारा वर्षं गेली. मी म्हणतो तो पट्टा हाच.

पण पदवीधरांची गोष्ट सांगून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्याच देशात साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा होता. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. १८९१ मध्ये त्याने लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. मग वाफेवरचा माग, मग आपोआप धोटा बदलणारा माग, असं करत करत १९२४ मध्ये त्याचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. म्हणजे तेहतीस वर्षं. मधे भागीदारांशी बिनसलं, स्वतः काढलेल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्याने सरळ कापडाची गिरणी काढली. उद्देश हा की आपला माग महिनोन्‌महिने खऱ्या सुतावर चालवून पाहता यावा. दुसऱ्या कोणी तक्रार करण्याआधी स्वतःचंच गिऱ्हाईक होणं, ही मला त्याची सगळ्यात मोठी हुशारी वाटते. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. जगाला कापडाची यंत्रं विकणारी ती कंपनी होती.

आता त्याच जपानची उलटी गोष्ट. जुन्या घरांच्या गच्चीवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा टीव्हीचा अँटेना आठवतो? तो १९२६ मध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी शोधला. जपानमध्ये त्याला कोणी विचारलं नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैनिकांच्या हाती ब्रिटिश रडारची टिपणं लागली. त्यात ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि तो कसा वाचायचा हेही त्यांना उमगेना. शेवटी एका ब्रिटिश कैद्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की अरे, हे तुमच्याच एका प्राध्यापकाचं नाव आहे. विद्यापीठ उत्तम, शोध अव्वल, निबंधही इंग्रजीत छापलेला. फक्त देशात तो उचलून घेणारं कोणी नव्हतं. जगदीशचंद्र बसूंचंही तेच झालं. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर जे काम केलं, त्याची उपकरणं आज सूक्ष्मलहरी अभियांत्रिकीच्या इतिहासात मानाने दाखवतात. त्या कलकत्त्यात ती विकत घेईल असं कारखानदारीचं एकही दार नव्हतं.

गिऱ्हाईक नाहीसं झालं की काय होतं, ते इजिप्तमध्ये दिसतं. तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याने जपानच्या चाळीसेक वर्षं आधी हाच रस्ता धरला होता. १८२६ मध्ये विद्यार्थ्यांची तुकडी पॅरिसला पाठवली, कैरोतल्या बुलाकचा सरकारी छापखाना काढला, वैद्यकाच्या शाळा उघडल्या, पाठ्यपुस्तकं अरबीत आणवली, कापडाच्या सरकारी गिरण्या घातल्या. या सगळ्याचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, त्याचं सैन्य. १८३८ च्या व्यापारी कराराने सरकारी मक्तेदारी मोडली आणि १८४१ मध्ये सैन्यावर १८,००० ची मर्यादा घालण्यात आली. घाऊक घेणारं गेलं, गिरण्या ओस पडल्या. शिकून आलेल्यांपैकी पुष्कळांनी भाषांतरं केली, शाळा काढल्या, अरबी भाषेला मोठी देणगी दिली. यंत्रांचं काम मात्र तिथेच राहिलं. ‘अरब जगाने विज्ञानाकडे पाठ फिरवली’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी निदान या दोन तारखा तरी पाहाव्यात.

मग नक्कल. आपल्याकडे ‘ते नुसती कॉपी करतात’ हे तुच्छतेने म्हटलं जातं. नीट केलेल्या नकलेइतकं चांगलं शिक्षण मी पाहिलेलं नाही. १९७६ मध्ये तैवानने अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्र विकत घेतलं. ते तेव्हाही जुनंच होतं, सात मायक्रॉनचं. सौद्यातली खरी मेख अशी की तैवानच्या सरकारी संशोधन संस्थेचे, म्हणजे १९७३ मध्ये निघालेल्या आयटीआरआयचे, तरुण अभियंते अमेरिकेत आरसीएच्या कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष राबून शिकले. परत येऊन त्यांनी प्रायोगिक कारखाना चालवला आणि चांगल्या निघणाऱ्या चिपांचं प्रमाण, ज्याला त्या धंद्यात यील्ड म्हणतात, ते आरसीएपेक्षा वर नेलं. बनवायचे काय, तर घड्याळातल्या चिपा! त्याच संस्थेतून चिपा बनवणाऱ्या दोन कंपन्या निघाल्या, १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी. आज जगाची मान ज्या कारखान्यांवर अडकून आहे, त्यांची शाळा घड्याळाच्या चिपेची होती.

नक्कल करूनही काही देश जागचे का हलले नाहीत, हा पुढचा प्रश्न. कोरियाच्या ह्युंदाईने १९७५ मध्ये ‘पोनी’ गाडी बनवायला घेतली तेव्हा डिझाइन इटालियन जुजारोचं होतं आणि इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं. भारतात त्याआधी सतराएक वर्षं ‘अँबॅसडर’ निघत होती, तीही ब्रिटिश मॉरिसच्या साच्यावर. म्हणजे सुरुवातीची शिदोरी दोघांकडे होती, आपल्याकडे तर आधीपासून. फरक असा की पोनी पुढच्याच वर्षी परदेशी विकायला पाठवली गेली, आणि परदेशी गिऱ्हाईक रांगेत उभं राहत नाही. १९८६ मध्ये ह्युंदाईची गाडी अमेरिकेत पोचली, आधी खपली, मग तिच्या दर्जावर विनोद झाले. त्या विनोदांनी कंपनीला जे शिकवलं ते कुठल्याही संस्थेने शिकवलं नसतं. १९९१ मध्ये तिने स्वतःचं इंजिन तयार केलं. इकडे अँबॅसडरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ज्याच्या दारात रांग असते त्याला तक्रार ऐकू येत नाही. संरक्षण दोन्ही सरकारांनी दिलं. कोरियाने त्याबरोबर निर्यातीची अट घातली. माझा ‘मधल्या वर्षांना पोसा’ हा आग्रह म्हणजे कारखानदारांचे लाड करा असा कोणी समजू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वर्गात ठरणारं अर्धं कोणतं, त्याकडे येतो. मी शिकवायला लागलो त्या महाविद्यालयात सहा चांगले ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे बदलते संकेत पडद्यावर दाखवणारी उपकरणं, होते आणि सहाही कपाटात. किल्ली सहायकाकडे. तो वाईट माणूस नव्हता. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली, फुटली तर लेखापरीक्षणात उत्तर त्याने द्यायचं, प्रसंगी पैसेही त्यानेच भरायचे. वापरून बिघडलं तर शिक्षा, न वापरता गंजलं तर काहीच नाही. मुलं आदल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, आलेख गुळगुळीत यायचा, एक्सटर्नल सही करून जायचे. खरं रीडिंग घेतलेल्या एका मुलीचा आलेख वेडावाकडा आला म्हणून तिचे गुण कापले गेले, तेव्हा मी पहिल्यांदा भांडलो. गुण वाढले नाहीत. पुढच्या वर्षी वर्कशॉपच्या भंगारातून आणलेले बिघडलेले प्रेशर गेज मी टेबलावर ओतले आणि सांगितलं, उघडा, काय बिघडलंय ते लिहा, उत्तर माझ्याकडेही नाही. भंगार डेडस्टॉकला चढत नाही, एवढीच त्यातली युक्ती. त्या सत्रात ज्यांना ‘मठ्ठ’ म्हणत, त्यातली दोन मुलं सगळ्यांच्या पुढे निघाली.

हे मी काही शोधून काढलेलं नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांत याच धर्तीवर विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो सुरू केला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला. गावात मिळणाऱ्या वस्तूंतून प्रयोग, मुलांच्या हाती साहित्य, आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा. तो वाढत सुमारे हजार शाळांपर्यंत गेला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तुर्कस्तानात १९४० पासून अशाच ग्रामसंस्था होत्या, देशभर २१. खेड्यातली मुलं तिथे गणिताबरोबर गवंडीकाम, सुतारकाम, शेती करत. कित्येक इमारती विद्यार्थ्यांनीच बांधलेल्या. १९५४ मध्ये त्या गुंडाळल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी कारणं राजकीय सांगितली जातात आणि ती आहेतच. शिक्षक म्हणून मला आणखी एक दिसतं. प्रश्न विचारायला शिकलेलं मूल आठवी-नववीनंतर जिथे जाणार, तिथली परीक्षा जुनीच राहिली. पालकांना तो कार्यक्रम म्हणजे शर्यतीत पायात घातलेला खोडा वाटू लागला. पुढचं दार न उघडता मागचं दार उघडलं की असंच होतं.

फार शिकलेल्यांना न दिसणारी गोष्ट कारागिराला दिसते, हे मी पुस्तकी उदाहरण म्हणून सांगत नाही, पण सगळ्यांना पटणारं उदाहरण हवं तर जयपूर फूट घ्या. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी मिळून तो घडवला. रामचंद्र ‘मास्टरजी’ फारसे शिकलेले नव्हते. विलायती कृत्रिम पाय बुटात घालायचा होता. इथल्या माणसाला अनवाणी चालायचं, उकिडवं बसायचं, चिखलात उतरायचं होतं. व्हल्कनाइझ केलेल्या रबराने ते साधलं. डॉक्टरला सांध्याचं शास्त्र माहीत होतं, कारागिराला रबर आणि लाकूड. एकाच टेबलाशी दोघं बसले, हे आपल्याकडे आजही सहज घडत नाही. आमच्या महाविद्यालयात वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर स्टाफरूमच्या खुर्चीवर बसत नसत. तसा नियम नव्हता, तरी बसत नसत.

आणंदचं दूध हेही त्याच जातीचं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत, कारण त्यांच्या देशात म्हशीच नव्हत्या आणि गाईच्या दुधापेक्षा त्यात स्निग्धांश बराच जास्त. वर्गीस कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ते करून दाखवलं आणि १९५५ मध्ये कारखाना चालू झाला. दलाया अमेरिकेत शिकलेले होते. म्हणजे पश्चिमेकडून शिकणं आड येत नाही. तिथल्या तज्ज्ञाचा ‘नाही’ हाच शेवटचा शब्द मानणं आड येतं.

तंत्रज्ञान म्हणजे यंत्रच हवं असंही नाही. जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी ढाक्यातल्या कॉलराच्या प्रयोगशाळेत १९६८ मध्ये रुग्णांवर सिद्ध झालं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाइन संपल्यावर तेच पिंपांतून पाजलं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. तरी घराघरांत ते पोचायला आणखी वीस वर्षं लागली. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या दशकात दारोदार जाऊन सुमारे सव्वा कोटी घरांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचं मिश्रण शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिने किती घरं केली यावर नव्हता. नंतर कोणीतरी जाऊन विचारायचं, आईला नीट बनवता येतं का पाहायचं, आणि त्यावर पैसे ठरायचे. शिक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या हाताला काय आलं यावर ठरवलेली इतकी मोठी योजना माझ्या माहितीत दुसरी नाही. मधल्या वर्षांचं काम कसं करावं, त्याचा हा माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना.

‘आपल्या ग्रंथांत सगळं होतं’ म्हणणाऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंबद्दल दोन ओळी. मलेरियावरच्या औषधासाठी चीनने २३ मे १९६७ ला गुप्त मोहीम काढली. तू यूयू यांना डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हतं. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पोथीत एक ओळ होती: मूठभर छिंगहाव (एक औषधी वनस्पती) पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा. उकळा असं त्यात नव्हतं. उष्णतेने औषध मरत असेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. आधीचे १९० नमुने फसले होते. १९१ वा चालला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पोथीने खूण दिली हे खरं. ती खूण १९० वेळा खोटी ठरण्याची तयारी ठेवून वाचणारं कोणीतरी तिथे होतं, हेही तितकंच खरं.

भाषेबद्दल माझं मत बऱ्याच मातृभाषाप्रेमींना आवडत नाही. डायरचं महाविद्यालय इंग्रजीत चालायचं. तरी पुढच्या पिढीपर्यंत जपान्यांनी परिभाषा घडवली, आणि त्यातले कितीतरी शब्द चीननेही उचलले. तोशिहिदे मासुकावा यांनी २००८ मध्ये नोबेल व्याख्यान जपानीत दिलं, आणि तो त्यांचा पहिला परदेश प्रवास होता. आपण परिभाषा कोश केले, पण ते ज्याच्या हातात हवे होते तो लेथवरचा माणूस कोशापासून लांब राहिला. मला विचाराल तर पदव्युत्तर पुस्तकं इंग्रजीत राहिली तरी चालेल; यंत्राची देखभाल-पुस्तिका, सुरक्षेच्या सूचना आणि कॅलिब्रेशनची पद्धत आधी मराठीत हवी. ‘व्हॉल्व्ह’ला झडप म्हणा नाहीतर व्हॉल्व्हच म्हणा, वाक्य मराठी हवं.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. कोरिया उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या जवळपास संशोधन-विकासावर घालतो, भारत एक टक्काही घालत नाही, आणि हे लाजिरवाणं आहे. पण आहे तो पैसा वस्तू खरेदीत जातो आणि सुट्या भागांना, दुरुस्तीला, तंत्रज्ञाच्या पगाराला तरतूद नसते, तोवर आकडा दुप्पट होऊन कपाटातले ऑसिलोस्कोप सहाचे बारा होतील.

आता निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेत पाहुणा म्हणून बोलावलं की नवी इमारत आणि थ्रीडी प्रिंटर दाखवतात. मी दुरुस्तीची वही मागतो. कोणतं यंत्र कधी बिघडलं, कोणी उघडलं, कोणता भाग बदलला. बहुतेक ठिकाणी तशी वही नसते. एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये होती. चार वर्षांची, तेलाचे डाग पडलेली, तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली. त्यात एका लेथपुढे सात वेळा तोच बिघाड नोंदवला होता, आणि आठव्या नोंदीत पेन्सिलने काढलेलं एका ब्रॅकेटचं चित्र होतं. त्यापुढे त्या लेथची नोंद नव्हती.